रामराज्य, जगबुडी आणि दामलेकाका

दामलेकाकांच्या आइंडहोवनच्या फ्लॅटमध्ये शिरलं की चपला काढायच्या आधी दोन फडताळं दिसायची. दोन्ही जपानी चित्रकथांची. एकावर काकांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती, 'रामराज्य'. दुसऱ्यावर 'जगबुडी'. पहिल्यात हवेशीर जागा, आणि दुसऱ्यात पुस्तकं उभी मावेनात म्हणून आडवी कोंबलेली. नव्या पाहुण्याला ते चहाच्या आधी विचारायचे, "तुम्ही कुठल्या फडताळातले?" पाहुणा बहुधा पुण्याहून नुकताच आलेला आयटीतला मुलगा असायचा आणि बिचारा भाड्याच्या घराची चौकशी करायला आलेला असायचा. तो गोंधळून सुलभाकाकूंकडे बघायचा. काकू म्हणायच्या, "बसा हो. आधी पोहे खा, मग ठरवा."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. पहिल्या भेटीत मीही अशीच गोंधळले होते.

काका मूळचे इलेक्ट्रॉनिक्सवाले. तरुणपणी पुण्यातल्या त्यांच्या कंपनीचं एका जपानी कंपनीशी सूत जुळलं, म्हणून संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले आणि सहा महिने ओसाकाला जाऊन आले. तिथे लोक आगगाडीत जाडजूड चित्रकथांची साप्ताहिकं वाचत आणि उतरताना सामानाच्या फळीवर टाकून जात. काका ती गोळा करत. परत येताना कपडे तिथेच वाटून टाकले आणि ट्रंक भरून रद्दी आणली, असं काकू सांगायच्या. पुढे नोकरीने नेदरलँड्सला आणलं. काकू शाळेत गणित शिकवायच्या, ती नोकरी सोडून त्या मागून आल्या. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर काकांनी पेन्शनचे कागद एका खणात ठेवले आणि उरलेलं आयुष्य त्या रद्दीला वाहिलं.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. जपानी माणसाने आपलं शहर जमीनदोस्त झालेलं खरोखर पाहिलंय, त्यामुळे त्याच्या गोष्टीत जग बुडतं तेव्हा तो उगाच छाती पिटत नाही. "आपल्याकडे प्रलय आला की गोष्ट संपते," ते म्हणायचे. "यांच्याकडे प्रलय पहिल्या पानावर उरकतात. दुसऱ्या अंकात कोणीतरी पडक्या पुलाखाली नूडल्सची गाडी लावतंच." आणि रामराज्याच्या गोष्टीबद्दल त्यांचा इशारा असायचा की सगळं फार छान चाललेलं दिसलं तर समजावं, काहीतरी दडवलेलं आहे. ते काय, हे पहिल्या दहा पानांत ओळखायचं अशी त्यांची स्वतःशी पैज असे, आणि ती ते सहसा हरत नसत.

काकूंची परीक्षा वेगळी होती. त्यांना जपानी अक्षर येत नव्हतं. काका एखादी गोष्ट रंगवून सांगू लागले की त्या कणीक मळता मळता एकच प्रश्न विचारायच्या, "तिथे भांडी कोण घासतं?" एकदा काकांनी एका चकचकीत शहराची गोष्ट आणली. तिथे आजार नाही, भांडण नाही, प्रत्येकाला जन्मतःच काम नेमून दिलेलं. काकूंनी प्रश्न विचारला. काकांनी चष्मा वर केला, पानं उलटली, पुन्हा उलटली. अख्ख्या पुस्तकात एकही स्वयंपाकघर नव्हतं. काका निमूटपणे उठले आणि पुस्तक 'जगबुडी'त ठेवून आले.

कोरोना आला तेव्हा काका खरं सांगायचं तर थोडे खूश झाले होते. सुपरमार्केटमधली टॉयलेट पेपरची फळी रिकामी झालेली पाहून ते गंभीर चेहऱ्याने घरी आले आणि म्हणाले, "आपण पहिल्या खंडात आहोत. पहिल्या खंडात कोणाचा विश्वासच बसत नसतो." काकू म्हणाल्या, "खंड राहू द्या. तांदूळ आणलात का?" आणले नव्हते.

त्याच वसंतात त्यांनी शनिवारी सकाळी अकराला ऑनलाइन 'जगबुडी मंडळ' सुरू केलं. आम्ही सातआठ मराठी घरं, कोणी आइंडहोवनचे, एक टिलबर्गचे. काका टाय लावून बसायचे. चित्रातल्या फुग्यांवर मराठी संवादांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, त्याही मैद्याची खळ करून, कारण बाजारच्या गोंदाने पान सुरकुततं. पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून ते सगळ्यांचे आवाज काढायचे. यंत्रमानवाला वऱ्हाडी, आणि दुष्ट पंतप्रधानाला अतिशय नम्र पुणेरी. पान उजवीकडून वाचायचं असतं हे विसरून कोणी भलत्या चित्राकडे बघून हसलं की रागवायचे. आमची मुलं डच्‌मध्ये कुजबुजायची, पण उठून जायची नाहीत. दाराबाहेर सगळं बंद असताना त्या तासाभरात आम्ही दुसऱ्यांच्या प्रलयावर पोट धरून हसायचो.

वृद्धाश्रमांची दारं भेटीला बंद झाली होती आणि लोक बाहेर उभे राहून काचेतून आईवडिलांना हात करत होते, त्या दिवसांत त्यांनी म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या यंत्रांची एक गोष्ट वाचली. यंत्र आजीला भरवतं, तिचे केस विंचरतं, तिच्या मुलाच्या आवाजात बोलतं. वाचून झाल्यावर पुस्तक कुठल्या फडताळात ठेवावं हे काकांना ठरवता येईना. तीन आठवडे ते जेवणाच्या टेबलावर पडून होतं.

मग जानेवारी उजाडला. पुण्याला काकूंची आई पडली आणि काकूंनी जायचं ठरवलं. काकांनी आधी विनवलं, मग कोरोनाचे आकडे दाखवले, मग अबोला धरला. जायच्या दिवशी ते म्हणाले, "मी स्किपोल विमानतळावर येत नाही. आगगाडीत गर्दी असते." त्या दिवसांत डब्यात चार माणसं नसायची. शेवटी मी माझ्या गाडीने काकूंना सोडलं. बॅग ठेवून काकू दार उघडं धरून उभ्या राहिल्या आणि वर तिसऱ्या मजल्याकडे बघत राहिल्या. पडदा हलला नाही. डेन बॉश शहर मागे पडलं. मग एवढंच म्हणाल्या, "खाली यायला काय झालं होतं त्यांना?"

त्यानंतर रोज व्हिडिओवर दोघांचं बोलणं व्हायचं. औषधं, आईचं प्लास्टर, खेमेंटेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, आलेली पत्रं. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. काकू पुण्याहून मंडळात यायच्या, मागे त्यांच्या आईच्या काठीचा आवाज यायचा.

फेब्रुवारीत काकांनी जी गोष्ट वाचली ती मी विसरणं शक्य नाही. एका शहरात शोकाला बंदी आहे. कोणी मेलं तर घरच्यांना कळवत नाहीत, आणि एका मोठ्या कचेरीतले कारकून त्या मेलेल्या माणसाच्या अक्षरात घरी पत्रं पाठवत राहतात. 'मी बरा आहे, कामात आहे, पुढच्या उन्हाळ्यात येईन.' एक तरुण कारकून हे काम इतकं छान करतो की पत्रं वाचून म्हातारी माणसं नव्याने जगू लागतात. काका तावातावाने म्हणाले, "सगळ्यात वाईट शहर हे. बाँब पडलेलं शहर परवडलं."

मी कारकुनाची बाजू घेतली. म्हटलं, "काका, तो बिचारा दयाळू आहे. आपल्याकडे तरी काय वेगळं करतात? माझे आजोबा गेले तेव्हा माझी बारावी चालू होती. मला अठरा दिवसांनी सांगितलं. आजोबा गावाला गेलेत म्हणाले सगळे."

"आणि तुला चाललं ते?"

"तेव्हा राग आला. पण पेपर चांगले गेले."

काका टायची गाठ सैल करत म्हणाले, "अनघा, माझं माणूस गेलं तर त्याच्यासाठी रडायचा पहिला हक्क माझा. तो दुसऱ्या कोणी आपल्या खिशात ठेवायचा नाही. दयेपोटीसुद्धा नाही." पुण्याहून काकू म्हणाल्या, "त्या कारकुनाच्या घरचं कोणी गेलं तर त्याला पत्र कोण लिहितं, ते सांगा." यावर सगळे हसले आणि मंडळ संपलं.

एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट आली. आई बऱ्या झाल्या होत्या, काकू आजारी पडल्या. ऑक्सिजन लागला. विमानं बंद झाली. काका दिवसभर फोन हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारायचे, मला खाली त्यांची पावलं ऐकू यायची. एका शुक्रवारी पावलं थांबली. मी वर गेले तर ते जमिनीवर बसले होते, पांढरेफटक, आणि म्हणत होते, "काही नाही गं, ॲसिडिटी आहे, हाउसआर्ट्सला, आपल्या फॅमिली डॉक्टरला, उगाच त्रास नको." शनिवारी त्यांची बायपास झाली.

बुधवारी सकाळी आठला मला काकूंचे धाकटे भाऊ श्रीरंगमामा यांचा फोन आला. काकूंचे भाऊ म्हणून मी त्यांना मामाच म्हणायची. ते म्हणाले, "अनघाताई, ताई पहाटे गेली." आणि मी काही बोलायच्या आत, "भाऊजींना आत्ता सांगू नका. आमच्या नात्यातले डॉक्टर म्हणतात, आठवडाभर तरी नको. हातापाया पडतो तुमच्या." मी हो म्हटलं. क्षणाचाही विचार केला नाही. आमच्या घरांतून असंच करतात, इतकं साधं वाटलं ते.

दुपारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. दिवसाला एकाच माणसाला परवानगी होती आणि काकांचं ते माणूस मी होते. मास्कमुळे माझा चेहरा अर्धाच दिसत होता, हे माझं नशीब. काका उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "बरं झालं आलीस. माझ्या हाताला या नळ्या. सुलभाला आवाजी निरोप पाठवायचाय. तू बटण दाबून धर."

मी दाबून धरलं. काय करणार होते?

"सुलभा," ते म्हणाले. "त्या दिवशी मी स्किपोलला आलो नाही. गर्दीचं खोटं सांगितलं. मी रुसून बसलो होतो. तू खाली उभी राहून वर बघत होतीस ना, तेव्हा मी पडद्याच्या मागेच होतो. तू बघतेस हे मला दिसत होतं. मी हात केला नाही. तीन महिने रोज तुला सांगीन म्हणतो आणि भलतंच बोलतो. आता या लोकांनी छाती उघडून पाहिली, तर म्हटलं हेही बाहेर काढावं. रागावली आहेस का गं अजून? एवढंच सांग. बाकी काही लिहू नकोस, दम लागेल तुला."

मी बटण सोडलं. निरोप गेला.

पाणी आणते म्हणून मी बाहेर पडले. कॉरिडॉरमध्ये फोन वाजला. काकूंची पिशवी हॉस्पिटलने श्रीरंगमामांकडे दिली होती आणि त्यात काकूंचा फोन होता. मामा नुकते स्मशानातून आले होते. ते हमसून रडत होते. "मी ऐकलं हो ते चुकून. आता तिकडे निळी खूण दिसली असेल. उत्तर नाही गेलं तर ते काय समजतील? काय लिहू? मला काही सुचत नाही."

मी भिंतीला टेकले. काकू काय लिहितील, याचा मी विचार केला. त्या नुसतं 'नाही' लिहिणाऱ्या नव्हत्या. त्या खोटंही बोलायच्या नाहीत. मी म्हटलं, "मामा, असं लिहा. रागावले होते, विमान उडेपर्यंत. औषधं वेळेवर घ्या."

पाण्याचा ग्लास घेऊन मी परत आले तेव्हा काका फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मग त्यांनी तो छातीवर, पट्ट्यांवर ठेवला. चेहरा इतका मोकळा झाला होता की मला बघवेना. "विमान उडेपर्यंत!" ते म्हणाले. "बघितलंस? सोडत नाही मला. पण बघितलंस?" नर्स आली तर तिला मोडक्यातोडक्या डच्‌मध्ये सांगितलं, माझ्या बायकोचा निरोप आलाय. ती म्हणाली, "मोई!" छान, म्हणजे. त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले. तेही माझ्यामुळे, असं मला तेव्हा वाटलं, आणि ते आठवलं की आज लाज वाटते.

पुढचे सहा दिवस आम्ही सांगितलं की आता काकूंजवळ फोन ठेवू देत नाहीत. काकांनी एकदाही शंका घेतली नाही. जी माणसं कुठल्याही शहराचं गुपित दहा पानांत शोधतात, त्यांतले ते. म्हणायचे, "असू दे. उत्तर आलंय, मला तेवढं पुरे आहे." एरवी मी त्यांची यावर चेष्टा केली असती.

मंगळवारी मी त्यांना घरी आणलं, खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं.

ते ओरडले नाहीत. "कधी?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "बुधवारी." मग एकेक प्रश्न विचारत गेले. जवळ कोणी होतं का? नव्हतं. तुळशीपत्र ठेवलं का? मामांनी चिठ्ठीबरोबर आत पाठवलं होतं, ठेवलं की नाही माहीत नाही. अग्नी कोणी दिला? मामांनी, लांबून. व्हिडिओ? टिलबर्गच्या घरातल्यांनी आपल्या वडिलांचं सगळं व्हिडिओवर पाहिलं होतं, ते काकांना माहीत होतं. मी म्हटलं, "व्हिडिओ नाही केला, काका. तुम्हाला सांगितलंच नव्हतं तर कोणासाठी करणार?" हे बोलल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं.

"म्हणजे कचेरी उघडलीत तुम्ही," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू त्या कारकुनाची बाजू घेतली होतीस नाही का?"

मी रडायला लागले. त्यांनी फोन उचलला, तो निरोप उघडला आणि वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी सिंककडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. बुधवार हा दिवस त्यांना माहीत होता. पहाट की दुपार, हे माहीत नव्हतं. निरोप काकूंचा की आमचा, हे सगळं तेवढ्यावर ठरत होतं.

मंडळ पुन्हा भरलं नाही. एका शनिवारी मी अकराला लिंक उघडून बसले होते, कोणी आलं नाही. काका जिना चढताना मला भेटायचे, तब्येतीचं बोलायचे, मी केलेली भाजी घ्यायचे, डबा धुऊन परत करायचे. उन्हाळाभर मी रोज ठरवायची, आज सांगते. ज्या माणसाने सांगितलं होतं की रडायचा हक्क माझा, त्याचा तेवढा हक्क अजून माझ्या खिशात होता. एकदा तर त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि मी विचारलं, "दही विरजायला विरजण आहे का?"

विमानं सुरू झाली तशी त्यांनी पुण्याला कायमचं जायचं ठरवलं. श्रीरंगमामांकडे, सासूबाईंच्या सोबतीला. फ्लॅट रिकामा झाला. पुस्तकं एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली, फडताळांवरच्या चिठ्ठ्या काढून. ऑक्टोबरमधल्या एका उन्हाच्या सकाळी मी त्यांना आइंडहोवन स्टेशनवर सोडायला गेले. ते म्हणाले, गाडी नको, आगगाडीनेच जातो. फलाटावर आम्ही बाकावर बसलो. छातीवरच्या टाक्यांमुळे ते अजून एका कुशीला कलून बसायचे.

गाडीला सहा मिनिटं होती. मी म्हटलं, "काका, त्या बुधवारचं एक सांगायचं राहिलंय."

त्यांनी हात वर केला. "नको."

"पण तुम्हीच म्हणाला होतात—"

"म्हणालो होतो. पुस्तकातल्या शहराबद्दल म्हणालो होतो." ते रुळांकडे बघत होते. "श्रीरंगला मी वेळ विचारली नाही. तिथे गेल्यावरही विचारणार नाही. त्यालाही बजावून ठेवलंय. आणि तूसुद्धा सांगायचं नाहीस, अनघा. कधीच नाही. माझी एवढी शपथ."

मी मान हलवली. तेव्हाच मला समजलं, की ते खरं आता मला जन्मभर एकटीला सांभाळायचंय.

गाडी आली. मी बॅग चढवून दिली. ते डब्याच्या दारात वळले, मास्क खाली केला.

"ती असंच लिहिते ना गं?" त्यांनी विचारलं. "अगदी असंच?"

"हो काका," मी म्हटलं. "अगदी असंच."